शेंगदाण्यातील प्रथिनापासून क्षयजंतूपर्यंत : शेखर मांडे यांची जैवभौतिकीतील वाटचाल

शेखर मांडे यांचा जन्म ५ एप्रिल १९६२ रोजी नागपूर येथे झाला. नागपूर विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा पसारा त्यांच्या महाविद्यालयीन काळापर्यंत मोठा होता. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे होईपर्यंत पश्चिम विदर्भातील महाविद्यालयेही नागपूरशीच जोडलेली होती, त्यामुळे खामगाव, मलकापूर किंवा बुलडाण्यात विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याची पदवीही नागपूरचीच असे. गणित आणि भौतिकशास्त्राचा गट घेतलेल्या विद्यार्थ्याचा जीवशास्त्राशी संबंध त्या काळी लवकर तुटे आणि सहसा पुन्हा जुळत नसे. मांडे यांच्या बाबतीत तो बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जुळला. भौतिकशास्त्राचा हा पदवीधर तिथे रेण्वीय जैवभौतिकीकडे वळला.

या विषयाची भारतातील पायवाट तोपर्यंत मळलेली होती. गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये मद्रास येथे कोलॅजेन या प्रथिनाची तीन पेडांची रचना मांडली होती. कातडी, हाडे आणि स्नायुबंध यांना बळकटी देणाऱ्या या प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात, हे त्यांनी क्ष-किरणांच्या आधारे दाखवले. पुढे १९६३ मध्ये रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी प्रथिनाच्या साखळीला कोणत्या कोनांत वळता येते आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात, याचा आलेख तयार केला. प्रथिनाची कोणतीही नवी रचना आजही या आलेखावर तपासल्याशिवाय ग्राह्य धरली जात नाही. रामचंद्रन यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी बेंगळुरूला रेण्वीय जैवभौतिकी विभाग उभारला. १९७१ मध्ये एम. विजयन तिथे आले. ऑक्सफर्डमध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या गटात इन्सुलिनची रचना उलगडण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. मोठ्या प्रथिनांचे स्फटिकशास्त्र भारतात रुजवायचे, हा विजयन यांनी घेतलेला ध्यास होता.

या कामाला चिकाटी का लागते, हे त्याची रीत पाहिली की कळते. प्रथिनाचा रेणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, कारण दृश्य प्रकाशाच्या लहरी अणूंमधील अंतरापेक्षा हजारो पटींनी लांब असतात. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र त्या अंतराइतकीच असते. पण क्ष-किरणांना एकवटून चित्र उभे करणारे भिंग नाही. म्हणून प्रथिनाचा स्फटिक वाढवावा लागतो. त्यात एकच रेणू अब्जावधी वेळा एकाच ठेवणीत रचलेला असतो. स्फटिकावर किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि हजारो ठिपक्यांची नक्षी उमटते. ठिपक्याची तीव्रता मोजता येते, पण त्या लहरीची कला, म्हणजे फेज, मोजमापात हरवते, आणि तिच्याशिवाय गणिताने चित्र बांधता येत नाही. त्यावर तोडगा म्हणजे पारा किंवा प्लॅटिनमसारखे जड अणू स्फटिकात शिरवणे, नक्षीत पडलेला सूक्ष्म फरक मोजणे आणि त्यावरून हरवलेली कला काढणे. जड अणू शिरताना स्फटिक फुटतो, विद्रूप होतो, कित्येकदा अणू भलत्याच जागी बसतो. महिनेच्या महिने वाया जातात. ऐंशीच्या दशकात संगणकही आजच्या मानाने तुटपुंजे होते, आणि प्रखर क्ष-किरण देणारा सिंक्रोट्रॉन देशात नव्हता.

विजयन यांच्या गटाने हाती घेतलेले एक प्रथिन शेंगदाण्यातले होते. शेंगदाण्यात लेक्टिन वर्गातील एक प्रथिन असते आणि ते विशिष्ट शर्करांना ओळखून चिकटते. निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर झाकलेली राहणारी एक शर्करारचना कर्करोगाच्या पेशींवर उघडी पडते. शेंगदाण्यातील लेक्टिन नेमके तिलाच धरते. त्यामुळे हे प्रथिन पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांत एक उपयुक्त साधन ठरले होते. त्याचे स्फटिक मिळाल्याचा वृत्तांत १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कामात बेळगावकडचे दिनकर साळुंके, जैवरसायनशास्त्रज्ञ अवधेश सुरोलिया आणि विजयन होते. संपूर्ण रचना प्रसिद्ध व्हायला मात्र १९९४ साल उजाडले. मधल्या बारा वर्षांत विद्यार्थ्यांच्या एकापाठोपाठ एक तुकड्यांनी हे काम पुढे नेले, आणि १९९४च्या शोधनिबंधाच्या लेखकांत शेखर मांडे यांचे नाव आहे.

त्या निबंधातील निष्कर्ष मुळातून समजून घेण्याजोगा आहे. या लेक्टिनचा रेणू चार एकसारख्या घटकांचा असून त्याचा रेणुभार सुमारे १,१०,००० आहे. २.९५ अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्मतेपर्यंतची मोजणी वापरून त्याचे चित्र उभे राहिले. प्रत्येक घटकाची घडण इतर शेंगवर्गीय लेक्टिनांसारखीच निघाली आणि इथवर नवल काही नव्हते. नवल होते चार घटकांच्या मांडणीत. चार सारखे घटक एकत्र येतात तेव्हा त्यांची मांडणी सममित असावी, असा सर्वसाधारण नियम आहे: एकतर ते चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे एका अक्षाभोवती बसतात, नाहीतर एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन अक्षांभोवती जोड्यांनी बसतात. शेंगदाण्याच्या प्रथिनात यांपैकी एकही सममिती नव्हती. अशी ‘उघडी’ मांडणी त्याआधी नीट अभ्यासलेल्या कोणत्याही चतुर्घटक प्रथिनात आढळली नव्हती.

घटक किती, आणि ते एकमेकांशी कसे जोडले जातात, हा प्रश्न मूळचा भौतिकशास्त्रज्ञाचा आहे. जीवशास्त्रज्ञ आधी विचारतो की हे प्रथिन करते काय. भौतिकशास्त्रातून आलेला माणूस आधी त्याची बांधणी पाहतो आणि बांधणीवरून कामाकडे जातो. मांडे यांच्या पुढच्या पंधरा वर्षांच्या संशोधनाचा कणा हाच प्रश्न राहिला. वेगवेगळ्या रोगजंतूंवर आणि वेगवेगळ्या देशांत काम करूनही तो बदलला नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीचे खरे वैशिष्ट्य त्यातच आहे.

१९९१ मध्ये पीएच.डी. मिळाल्यावर ते नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे विम होल यांच्या गटात गेले. होल यांचा गट आफ्रिकेतील निद्रारोगाच्या परजीवीवर औषध शोधत होता. या परजीवीला ऊर्जेसाठी साखरेचे विघटन करणाऱ्या विकरांवर अवलंबून राहावे लागते. त्यातील ट्रायोजफॉस्फेट आयसोमरेज या विकराला अडवणारे औषध बनवायचे, तर तेच विकर माणसातही असते, हा अडसर होता. परजीवीचे विकर बंद पडावे आणि रोग्याचे चालू राहावे, यासाठी दोन्हींमधील बारीक फरक अणूंच्या पातळीवर माहीत हवेत. मानवी विकराची २.८ अँगस्ट्रॉमची रचना या गटाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे पहिले लेखक मांडे होते. हे विकर जन्मतः सदोष असलेल्या रुग्णांमध्ये नेमके कुठे बिघडते, याची उकलही त्याच निबंधात होती. होल यांचा गट दरम्यान अमेरिकेत सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि मांडेही तिकडे गेले.

सिअॅटलमध्ये झालेल्या कामाचा विषय विदर्भाला अतिशय ओळखीचा होता. कुष्ठरोगाशी या प्रदेशाचे नाते जुने आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठधाम चालवले आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन वसवले. त्या काळात हा रोग मुख्यतः अंगावर उमटलेल्या खुणांवरून ओळखला जाई. कुष्ठजंतूचा शोध नॉर्वेत हान्सेन यांनी १८७३ मध्ये लावला, तरी शंभर वर्षांनंतरही तो प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात वाढवता येत नव्हता आणि आजही येत नाही. तो उंदराच्या पायाच्या तळव्यात किंवा आर्माडिलो या प्राण्यात वाढवावा लागतो. त्यामुळे त्याच्या प्रथिनांचा अभ्यास करायचा, तर त्याची जनुके दुसऱ्या, सहज वाढणाऱ्या जंतूत घालून प्रथिने मिळवणे हाच व्यवहार्य मार्ग होता.

अशा मार्गाने मिळालेले एक छोटे प्रथिन म्हणजे चॅपरोनिन-१०. कुष्ठरोग्याच्या शरीरातील संरक्षक टी-पेशी या प्रथिनाला जोरदार प्रतिसाद देतात, हे बॅरी ब्लूम यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवले होते. त्याची रचना मांडे, मेहरा, ब्लूम आणि होल यांनी जानेवारी १९९६ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध केली. सात घटक वर्तुळाकार बसून त्यांचा घुमट झालेला होता. आतड्यातील ई. कोलाय जंतूच्या याच जातीच्या प्रथिनाची रचना दुसऱ्या गटाने त्याच महिन्यात ‘नेचर’मध्ये छापली. दोन्हींची घडण एकच निघाली.

चॅपरोनिन काय करते, हे इथे सांगणे आवश्यक आहे. पेशीत नव्याने तयार झालेली प्रथिनाची साखळी योग्य तऱ्हेने घडी झाल्याशिवाय काम करत नाही. गर्दीत किंवा उष्णतेत ती चुकीची घडी होऊन इतर साखळ्यांना चिकटते आणि गोळा होऊन बसते. ई. कोलायमध्ये ही आपत्ती टाळणारे यंत्र म्हणजे झाकणाचा डबा. सात घटकांची एक कडी, तिच्या पाठीला पाठ लावून दुसरी, असे चौदा घटक मिळून दोन पोकळ्या होतात. तो डबा म्हणजे चॅपरोनिन-६०, आणि सात घटकांचा घुमट, म्हणजे चॅपरोनिन-१०, त्याचे झाकण. बिघडलेली साखळी पोकळीत शिरते, झाकण बसते, आतल्या एकांतात तिला नव्याने घडी पडायला वाव मिळतो आणि एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या बळावर झाकण उघडते. चौदा घटकांचा हा डबा १९९४ मध्ये सिग्लर आणि हॉर्विच यांच्या गटांनी उलगडला होता. बहुतेक जंतूंमध्ये यंत्र असेच असणार, हे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गृहीत धरले जात होते.

मांडे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर भारतात परतले आणि चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे इमटेकमध्ये, रुजू झाले. पुढे ते हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग आणि निदान केंद्रात गेले. या काळात त्यांनी कुष्ठजंतूच्या भाऊबंदाकडे, क्षयजंतूकडे मोर्चा वळवला. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, हे एकच कारण या निवडीला पुरेसे होते. १९९८ मध्ये क्षयजंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. ४४ लाख अक्षरांच्या या संचात सुमारे ४,००० जनुके होती, आणि चॅपरोनिन-६०ची जनुके एकाऐवजी दोन होती. बहुसंख्य जंतूंना एक पुरते, तिथे क्षयजंतूला दोन कशासाठी, हा प्रश्न समोर होता.

हैदराबादच्या गटाने दोन्ही प्रथिने शुद्ध करून त्यांचे वस्तुमान मोजले, तेव्हा उत्तर अपेक्षेबाहेरचे आले. चौदा घटकांचा डबा तयारच होत नव्हता. प्रथिने एकेकटी किंवा जोडीने राहत होती. २००४ मध्ये गटातील क़मरा आणि मांडे यांनी या दोहोंपैकी चॅपरोनिन-६०.२ची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. ती दोन घटकांचीच होती. घटकाची घडण ई. कोलायसारखीच, मात्र सातांची कडी जिथे जुळते, त्या जागेचा कल निराळा होता. ज्या तेलकट पृष्ठभागाने चॅपरोनिन बिघडलेल्या साखळीला धरते, तो या जोडीत उघडा राहतो. शिवाय ही प्रथिने एटीपीविना इतर प्रथिनांचे गोळे होणे रोखतात, हेही चाचण्यांतून दिसले. शेंगदाण्याच्या प्रथिनात चार घटकांची मांडणी नियमाबाहेरची निघाली होती. इथे घटकांची संख्याच नियमाबाहेरची निघाली.

मोजमापावर शंका घेणे शक्य होते. प्रथिन ई. कोलायमध्ये बनवलेले असल्यामुळे ते खऱ्या क्षयजंतूत वेगळे वागत असेल, हा आक्षेप रास्त होता. गटाने तो टाळला नाही. २००९च्या निबंधात असे आले की दुसऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे चॅपरोनिन-६०.१च्या, अंगावर फॉस्फेटचा गट बसला तर त्याचे घटक मोठ्या संख्येने एकत्र येतात. म्हणजे क्षयजंतू हे यंत्र गरजेप्रमाणे जुळवतो आणि सुटे करतो, अशी शक्यता समोर आली. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दिसली: चॅपरोनिन-६०.१ हे डीएनएला चिकटते आणि त्याची घट्ट गुंडाळी होण्यास हातभार लावते. एका जुन्या जनुकाच्या दोन प्रती झाल्या, त्यातली एक आपल्या मूळ कामावर राहिली आणि दुसरी वेगळ्याच कामाला लागली. उत्क्रांतीत असे घडते हे पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते. इथे त्याचा पुरावा एका रोगजंतूच्या आत मिळाला. मांडे यांच्या संशोधनातला हा भाग सर्वांत मोलाचा ठरावा.

स्फटिकांच्या जोडीने संगणकावरचे काम याच काळात वाढत गेले. कोणते जनुक कोणत्या जनुकाच्या शेजारी राहते आणि किती जीवांत ते दोघे एकत्र सापडतात, यावरून ई. कोलायमधील कोणती प्रथिने एकत्र काम करत असतील, याचे अंदाज त्यांच्या गटाने २००७ मध्ये मांडले. एका प्रथिनाच्या घटकांचे नाते पाहता पाहता दृष्टी पेशीतील हजारो प्रथिनांच्या आपसातील नात्याकडे गेली. २००५ साली मांडे यांना जीवविज्ञानातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

२०११ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालक झाले. पुणे विद्यापीठाच्या आवारातील या केंद्राचा बुलडाणा जिल्ह्याशी जुना संबंध होता. मांडे तिथे येण्यापूर्वीच, २००६ मध्ये, केंद्रातील योगेश शौचे यांच्या गटाने त्या जिल्ह्यातील लोणार सरोवरातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेले आहे. अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. त्यातील खारे, पीएच १०च्या आसपासचे पाणी जीवसृष्टीला प्रतिकूल वाटते. शौचे यांच्या गटाने गाळ आणि पाण्यातील डीएनए वाचून या सरोवरात किती विविध जीव नांदतात, हे दाखवले. प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या जीवांची ओळख त्यांच्या रेणूंवरून पटवण्याची ही रीत होती.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मांडे यांची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या, महासंचालकपदी नेमणूक झाली. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेच्या देशभरात पस्तीसहून अधिक प्रयोगशाळा आहेत. चंदीगडची इमटेक त्यांपैकीच, आणि नागपूरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थाही त्यांपैकीच. दीड वर्षातच कोविडची साथ आली. हैदराबादची सीसीएमबी आणि दिल्लीची आयजीआयबी या परिषदेच्याच संस्था विषाणूचे जनुकसंच वाचू लागल्या, आयजीआयबीने क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रावर आधारलेली ‘फेलुदा’ चाचणी तयार केली आणि बेंगळुरूच्या एनएएल या विमानविषयक प्रयोगशाळेने ‘स्वस्थवायू’ हे श्वसनयंत्र बनवले. परिषदेने आपल्याच १०,४२७ कर्मचारी आणि कुटुंबीयांच्या रक्ताची तपासणी करून २०२० मध्ये सुमारे १० टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडे असल्याचे दाखवले.

कोविडच्या टाळेबंदीच्या काळातच, जून २०२० मध्ये, लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हा विषय आला आणि वनखात्याने पाण्याचे नमुने नीरीकडे, तसेच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकर संस्थेच्या तपासणीत कारण सापडले ते हॅलोआर्किया या अतिखाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांत. बाष्पीभवनाने पाण्याची पातळी उतरली, क्षार वाढले आणि हे जीव भराभर वाढले. त्यांच्या पेशीतील गुलाबी रंगद्रव्याने पाणी रंगले. पावसाचे पाणी मिसळल्यावर हे जीव तळाशी बसले आणि रंग ओसरला.

या प्रसंगात प्रथिनांच्या भौतिकीचा एक धडा दडलेला आहे. मीठ वाढले की सामान्य प्रथिनांभोवतीचे पाणी ओढले जाते आणि ती गोळा होऊन निकामी ठरतात. चॅपरोनिन ज्या आपत्तीशी झगडते, तीच ही. हॅलोआर्कियांनी मात्र पेशीच्या आतही क्षार भरून घेतलेले असतात, आणि त्यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर ऋणभारित अमिनो आम्लांची दाटी असते. हा ऋणभार पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतो. म्हणून जिथे इतर प्रथिने गोठून बसतील, तिथे यांची विरघळलेली राहतात. उलट कमी खाऱ्या पाण्यात टाकली तर यातली कित्येक प्रथिने उकलून निकामी होतात. लोणार सरोवराला त्याच वर्षी, २०२० मध्ये, रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

मांडे एप्रिल २०२२ मध्ये महासंचालकपदावरून निवृत्त झाले. त्याच महिन्यात, २४ एप्रिल रोजी, एम. विजयन यांचे बेंगळुरू येथे निधन झाले. परिषदेचा अतिरिक्त कार्यभार काही महिने राजेश गोखले यांच्याकडे होता आणि ऑगस्टमध्ये एन. कलईसेल्वी या पहिल्या महिला महासंचालक म्हणून रुजू झाल्या. मांडे निवृत्तीनंतर विज्ञान भारती या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र केंद्राशी प्राध्यापक म्हणून जोडले गेले.